घोट्याचं मॅनिप्युलेशन (थेरपिस्टने हाताने सांध्याला दिलेला छोटा, झटपट झटका) केल्यावर व्हॉलीबॉलमधली उडी वाढते का?

घोटा खरंच आखडलेला असेल तर थोडी वाढू शकते. मोकळा असेल तर फरक पडेल अशी आशा ठेवू नका. मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून कारणही सांगतो. स्पाइकसाठी उडण्याआधी आपण खाली बसतो तेव्हा टाच जमिनीवर ठेवून नडगी पुढे झुकावी लागते. नेटखाली कुणाच्या पायावर उतरून घोटा मुरगळलेला असला की नेमकी हीच हालचाल अडते. मॅनिप्युलेशनने ती लगेच थोडी सुटते, पण व्यायाम जोडला नाही तर फायदा फार टिकत नाही. (‘कट्’ आवाज आला म्हणजे हाड जागेवर बसलं, असं काही नसतं.)

आधी घरी तपासा: अनवाणी, भिंतीकडे तोंड, अंगठा भिंतीपासून 10 सेंटीमीटरवर. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का? मग गुडघा टेकेल असं अंगठ्याचं भिंतीपासूनचं जास्तीत जास्त अंतर दोन्ही पायांसाठी मोजा; त्यात 2 सेंटीमीटरच्या आसपास फरक दिसला तर उपचाराला अर्थ आहे. माझ्या मते घोट्याचा हा मोकळेपणा उडीपेक्षा उडीनंतर खाली उतरण्यासाठी जास्त महत्त्वाचा. 2006 साली ऑस्ट्रेलियातल्या व्हॉलीबॉलपटूंच्या अभ्यासात, ज्यांचा घोटा कमी वाकत होता त्यांच्यात गुडघ्याच्या वाटीखालच्या टेंडनचा (दोरीसारख्या मजबूत पट्ट्याचा) त्रास जास्त आढळला होता.

मात्र ताजी मुरगळ, फ्रॅक्चरची शंका किंवा वारंवार लचकणारा सैल घोटा असेल तर आधी तपासणी करून घ्या. मैदानावर मित्राकडून पाय ओढून घेणं तर नकोच. उंच उडी हवी असेल तर मुख्य भर स्क्वॉट, पोटऱ्यांची ताकद आणि उड्यांच्या सरावावरच ठेवा.