रँच स्टाइल घर कोकणात बांधायचंय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

हल्ली मेसेज उघडला की तोच फोटो येतो. लांबलचक बैठं घर, बुटकं छप्पर, समोर काचेचे मोठाले दरवाजे, बाजूला चकचकीत गाडी आणि खाली एक ओळ, ‘सर, असं घर आमच्या गावच्या जागेत होईल का?’ प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर टाइप करून दमलो म्हणून सगळे एकत्र घेतोय. प्रश्न तुमचेच आहेत, थोडे कापलेत. आणि ही उत्तरं जागा न बघता दिलेली आहेत, एवढ्यावरून उद्या चुना टाकून पाया आखायला घेऊ नका.

रँच स्टाइल म्हणजे फार्महाऊसच ना? (दापोली)

नाही. फार्महाऊस म्हणजे शेतावरचं घर, मग ते तीन मजली का असेना. रँच ही मांडणी आहे: एकच मजला, लांबट पसरलेलं घर, हॉल-जेवण-किचन एकाच मोकळ्या जागेत, बेडरूम एका किंवा दोन्ही टोकांना, आणि जवळपास प्रत्येक खोलीतून अंगणात उतरता येईल अशी दारं. अमेरिकेत सॅन दिएगोला क्लिफ मे नावाच्या डिझायनरने १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियातली जुनी स्पॅनिश-मेक्सिकन घरं डोळ्यासमोर ठेवून ही घरं बांधायला घेतली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे वस्त्याच्या वस्त्या अशा उभ्या राहिल्या. आपल्या आजोबांचं ओटी-पडवी-माजघर-मागीलदार असलेलं घरही बैठंच होतं की. म्हणजे प्रकार आपल्याला परका नाही, परकं आहे ते छप्पर, त्यावर खाली सविस्तर बोलणार आहेच.

एकच मजला म्हणजे खर्च कमी ना? कॉन्ट्रॅक्टरने चौरस फुटाचा एकच रेट दिलाय. (चिपळूण)

उलट आहे दादा. २००० चौरस फुटांचं घर दोन मजल्यांत बांधलं तर पाया १००० चा आणि छप्पर १००० चं. तेच बैठं केलं की दोन्ही २०००. जिना वाचतो, वर साहित्य चढवायची मजुरी वाचते, पण पाया आणि छप्पर हीच तर घरातली महागडी कामं.

आणि तो एकच रेट कशाचा हे विचारलंत का? पडवीचा फूट आणि बाथरूमचा फूट एकाच भावाने? जोतं (जमिनीच्या वर दिसणारा पायाचा भाग) किती उंच धरलंय? भराव, सेप्टिक, पन्हळी, गडगा (दगडी कुंपण) त्यात आहेत का? बहुतेक कोटेशनांत ‘ए वन क्वालिटी’ एवढंच लिहिलेलं असतं, त्यावर सही करू नका. शिवाय आपल्याकडे सपाट जागा कितीशा? उतारावर लांब घर आडवंतिडवं बसवलं की एक टोक कातळावर येतं आणि दुसरं सहा फूट भरावावर, मग दोन-तीन पावसाळ्यांत भराव बसतो आणि मधल्या भिंतीला तिरकी चीर जाते. घराची लांबी उताराला आडवी ठेवा, म्हणजे एकाच पातळीच्या रेषेने. त्यासाठी आधी जागेच्या पातळ्या मोजून घ्या, मग स्ट्रक्चरल इंजिनीयर, आणि कॉन्ट्रॅक्टर सगळ्यात शेवटी.

ओपन किचन हवंय, पण सासूबाई म्हणतात मासे तळले की सोफ्याला वास बसेल. (मालवण)

सासूबाई बरोबर बोलतायत. शोरूमवाला चिमणीच्या सक्शनचे मोठमोठे आकडे सांगेल, पण डक्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारी नळी, लांब आणि वळणाची असली की त्या आकड्यांना काही अर्थ राहत नाही, आणि पावसाळ्यात डक्टचं तोंड वाऱ्यावर आलं की वास उलटा घरात. ओपन किचन करा, चहा-पोळी-भाजी तिथे होऊ दे. मागच्या पडवीत एक दुसरा ओटा घ्या, नळ, जाळी आणि सांडपाण्याची सोय करून. बांगडे साफ करणं, तळण, नारळ सोलणं, फणस कापणं सगळं तिकडे. गॅसचा पॉइंट मात्र अधिकृत माणसाकडूनच काढून घ्या.

मिस्टरांनी ऑनलाइन अमेरिकन प्लॅन विकत घेतलाय. छप्पर कमी उताराचं आहे, समुद्राच्या बाजूला १६ फुटी काचेचा सरकता दरवाजा आहे. मिस्त्री म्हणतात ‘होईल’. चालेल ना? (देवगड)

ताई, मिस्त्री कधी ‘होणार नाही’ म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही. इथे जरा लांबण लावणार आहे, कारण दर आठवड्याला हाच प्रश्न गाव बदलून येतो.

सॅन दिएगोला वर्षभरात मिळून साधारण २५० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे जुलैच्या एका झडीत तेवढा दोन-तीन दिवसांत पडतो आणि वर्षाचा आकडा किनारपट्टीला सहज ३००० च्या आसपास जातो. ज्याने तो प्लॅन काढला त्याच्या डोक्यात ऊन होतं, पाऊस नव्हता. प्लॅनवर छपराजवळ ४:१२ असं लिहिलेलं असेल बघा, म्हणजे १२ फूट आडवं गेलं की ४ फूट चढ, जेमतेम १८ अंश. एवढ्या उतारावर मंगळूरी कौलं घातली की नैऋत्येचा वारा पाणी कौलाखाली वर ढकलतो, आणि मग तुम्ही कौलाला दोष देता. आपल्याकडे कौलाला ३० अंशांच्या खाली मी जात नाही.

‘मग उतार वाढवू की’, असं सगळे म्हणतात. वाढवा, पण गणित करून. अमेरिकन प्लॅन रुंदीला ४० फूट असतो, मध्ये अंधारा पॅसेज आणि दोन्हीकडे खोल्या. ४० फुटांवर ३० अंश धरलात तर आढं (छपराचा सगळ्यात उंच कणा) वळचणीपासून, म्हणजे छपराच्या खालच्या कडेपासून, साडेअकरा फूट वर जातं. बैठं घर राहतच नाही, गोडाऊन दिसतं, लाकूड किंवा लोखंड वाढतं ते वेगळंच. म्हणून आधी रुंदी कापायची. एका खोलीची रुंदी अधिक पडवी, सगळं मिळून २२-२४ फूट, की आढं सात फुटांत बसतं. जागा कमी पडली तर लांबी वाढवा किंवा घर काटकोनात वळवा. शिवाय प्रत्येक खोलीला समोरासमोर खिडक्या मिळतात, मे महिन्यात त्याची किंमत कळेल.

काटकोनात वळवलं की दोन पाखी (छपराचे उतार) मिळतात तिथे खाच तयार होते, पहिली गळती तिथूनच. आंब्याची पानं त्या खाचेत अडकतात, त्यावर माती बसते, जूनच्या पहिल्या जोरदार सरीत पाणी तुंबतं आणि कडेच्या कौलाखालून सरळ माजघराच्या भिंतीवर उतरतं. तिथे अरुंद पत्र्याची पट्टी नको, चांगली रुंद पन्हळ हवी, आणि माणूस चढून साफ करू शकेल अशी. पाणी किती असतं त्याचा अंदाज द्यायचा तर २००० चौरस फुटांच्या छपरावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १८ हजार लिटरच्या वर. हे सगळं पागोळ्यांनी (छपराच्या कडेवरून पडणाऱ्या धारांनी) जोत्यालगत पडणार असेल तर ते जाणार कुठे हे प्लॅनवर दाखवलेलं पाहिजे. अमेरिकन प्लॅनवर ते नसतं.

आता वारा. ३ जून २०२० चं निसर्ग आणि २०२१ च्या मेमधलं तौक्ते, दोन्ही चक्रीवादळं आपण बघितलीत. फोटोतलं ते चार फूट पुढे आलेलं, खाली खांब नसलेलं छप्पर छान दिसतं, पण वारा त्याच्या खाली शिरतो आणि वर उचलतो. पुढे काढायचंच असेल तर खांब द्या आणि पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं, थोडं खाली घ्या. म्हणजे वादळात पडवी गेली तरी घर वाचतं. जुन्या लोकांनी तेच केलं होतं. ‘स्लॅब टाकू आणि वर पत्र्याची शेड मारू’ हाही फोन रोज येतो. दोन छपरांचे पैसे देणार आणि पत्रा नीट बांधणार नाही, मग तो शेजाऱ्याच्या कलमांत सापडतो. पत्र्याच्या ‘लाइफटाइम वॉरंटी’चा कागद पूर्ण वाचा, समुद्रापासून ठराविक अंतराच्या आत लागू नाही असं बारीक अक्षरांत कुठे लिहिलंय का ते बघा.

राहिला दरवाजा. सरकत्या दरवाज्याला खाली ट्रॅक असतो, ट्रॅकला पाणी बाहेर जायची बारीक भोकं असतात. किनाऱ्याला पहिल्या वर्षीच त्यात वाळू, मुंग्या आणि मिठाचा खर भरतो. मग पश्चिमेची झड आली की ट्रॅक भरतो, पाणी आतल्या बाजूने हॉलमध्ये, आणि घरातली माणसं जुने टॉवेल कोंबत बसतात. चाकं गंजली की १६ फुटांचा दरवाजा दोघांनी ढकलावा लागतो. समुद्र बघायचाय ना? मग समोर आठ फूट खोल पडवी घ्या, दरवाजा सहा-आठ फुटांचा करा, पडवीची फरशी आतल्या फरशीपेक्षा खाली आणि बाहेर उतार असलेली ठेवा. पडवीने दुपारचं पश्चिमेचं ऊनही अडतं. काचेची जाडी आणि फ्रेम वाऱ्याच्या दाबावर ठरते, दुकानदाराच्या स्टॉकवर नाही, ते इंजिनीयरकडून लिहून घ्या. विकत घेतलेला प्लॅन टाकू नका, खोल्यांची मांडणी बरी असेल तर इथल्या आर्किटेक्टला दाखवा, तो त्यातून काहीतरी काढेल.

आई ७८ वर्षांची आहे, तिच्यासाठीच बैठं घर बांधतोय. तिची खोली शांत टोकाला ठेवलीय. (रत्नागिरी)

टोकाला नको. टोकाची खोली मुलांना किंवा तुम्हाला. आईंची खोली हॉलला लागून, रात्री हाक मारली तर ऐकू येईल अशी, आणि संडास-बाथरूम जोडून. दार ३ फुटांचं, उंबरा नाही, बाथरूमची फरशी एक पायरी खाली टाकायची जुनी सवय सोडा, उतार पुरतो. चकचकीत टाइल्स नकोत, पावसाळ्यात फरशीला घाम सुटतो तेव्हा तरुण माणूसही घसरतो.

बैठं घर म्हणजे पायऱ्या नाहीत असं सगळे धरून चालतात. जोतं दोन फूट असेल तर दारात चार पायऱ्या आल्याच. रॅम्प १ ला १२ धरायचा, म्हणजे दोन फुटांना २४ फूट लांब. तो नंतर ‘कुठेतरी’ बसत नाही, आत्ताच आखा. जोतं कमी करून रॅम्प वाचवू नका, पाणी आत येईल. आईंच्या डॉक्टरांनाही एकदा विचारा, कठडा कुठल्या बाजूला हवा ते गुडघ्यावर अवलंबून असतं.

खाडीची वाळू धुवून वापरली तर चालते असं सगळे म्हणतात. (श्रीवर्धन)

नाही.

कोणी धुतली, किती पाण्यात, तुम्ही बघितलंत? मीठ सळई खातं, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचे पोपडे पडतात. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, घ्या. काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार (आयएस ४५६) किनारी हवेत उघड्या काँक्रीटला किमान एम ३० ग्रेडची ताकद आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, लागतं. ‘सिमेंट जास्त टाकतो, कव्हरची काळजी नको’ म्हणणाऱ्याला घरी पाठवा.

गॅरेज घराला जोडून, आतून दार ठेवू का? फोटोत तसंच असतं. (अलिबाग)

नको. तिकडे थंडीसाठी असतं ते. इकडे पेट्रोलचा वास आणि उंदीर आत येतील. बाजूला उघडी शेड पुरे.

वास्तूप्रमाणे किचन आग्नेयेलाच यायला हवं, मग हॉलला समुद्र दिसत नाही. (वेंगुर्ला)

तुमची श्रद्धा, तुमचं घर. मी फक्त पाऊस कुठून येतो ते सांगू शकतो.

मागे विहीर आहे, सेप्टिक टँक कुठे? (गुहागर)

विहिरीपासून जितका लांब जाईल तितका, ५०-६० फुटांच्या आत अजिबात नाही, आणि उताराच्या खालच्या बाजूला. जांभ्याला भोकं आणि पोकळ्या असतात, त्यातून पाणी कुठून कुठे निघेल सांगता येत नाही, म्हणून आपल्याकडे पुस्तकातल्या अंतरावर मी थोडं वाढवूनच धरतो. शेजाऱ्याची विहीरही मोजा, फक्त आपलीच नको. शोषखड्ड्याची जागा ठरवण्याआधी जमिनीत पाणी किती जिरतं ते तपासून घ्या आणि विहिरीच्या पाण्याची वर्षातून एकदा तरी तपासणी करा.

जागा सामाईक आहे, भावांचं तोंडी ठरलंय. एप्रिलमध्ये पाया काढून घेतो, परवानगी नंतर बघू. किनाऱ्यापासून साधारण दीडशे मीटर असेल. (मुरूड)

यात एकही गोष्ट बरोबर नाही.

तोंडी ठरलेलं सातबाऱ्यावर दिसत नाही. काकांची मुलं मुंबईहून गणपतीला येतात आणि तेव्हा सगळ्यांना आपापला हिस्सा आठवतो. आधी वाटणी नोंदवा, मोजणी करून हद्दी घाला. ‘साधारण दीडशे मीटर’ तुमच्या पावलांनी मोजलेलं आहे, सरकार भरतीरेषेपासून मोजतं. २०१९ च्या सीआरझेड (किनारी क्षेत्रातल्या बांधकामाच्या नियमांच्या) अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याला भरतीरेषेपासून २०० मीटरचं ना विकास क्षेत्र (जिथे नवं बांधकाम करता येत नाही) आहे, दाट लोकवस्तीच्या गावांत ते ५० मीटर, खाडीला वेगळा हिशोब. तुमचा गट नंबर यात कुठे बसतो ते मंजूर नकाशावर बघूनच कळतं, एजंटच्या मोबाइलमधल्या नकाशावर नाही. जमीन बिनशेती आहे का, रस्त्याची नोंद आहे का, हेही त्याच फेरीत विचारा. वकील आणि नगररचना कार्यालय, दोन्हीकडे जा.

आणि एप्रिलमध्ये पाया काढून जूनला उघडा सोडणं म्हणजे सगळे खड्डे पावसाच्या पाण्याने भरून ठेवणं. कागद या वर्षी पूर्ण करा, पाया दिवाळीनंतर. मला मे महिन्यात फोन करून ‘पावसाच्या आत स्लॅब होईल ना’ असं विचारू नका.

बैठ्या घरात साप जास्त येतात का? (कणकवली)

दुमजली घरातही येतात. फाटी (जळाऊ लाकडं) भिंतीला लागून रचू नका, दाराखाली फट ठेवू नका, सांडपाण्याच्या पाइपाला जाळी लावा, गडग्याजवळचं गवत काढत राहा. चावलाच तर भगताकडे वेळ घालवू नका, सरळ सरकारी दवाखाना गाठा.