कर्णबधिरांसाठी मानसशास्त्र शिकायला इंग्लंडला यावं का?

तू लिहिलंयस की कोल्हापुरात कर्णबधिर मुलांच्या शाळेत दोन वर्षं समुपदेशक आहेस, मानसशास्त्रात एम.ए. झालंय, आणि आता इंग्लंडला येऊन कर्णबधिरांच्या मानसिक आरोग्यात काम करायचं शिकायचंय. कसं यायचं, किती वर्षं लागतात, एकटं वाटतं का, असे तीन प्रश्न विचारलेस. चार दिवस उत्तर लिहितेय आणि खोडतेय. माझा दादा जन्मापासून कर्णबधिर आहे. मी या कामात त्याच्यामुळे आले, आणि तुझ्या प्रश्नानं तेच सगळं वर आलं.

व्हिसा, फी, आयईएलटीएस हे सरकारी संकेतस्थळांवर आहे आणि सारखं बदलत असतं. ते तिथेच वाच.

‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ हे नाव इथे 2009 पासून एचसीपीसी या नियामक संस्थेकडे नोंदणी असल्याशिवाय लावता येत नाही. इथे शिकून ते मिळवायचं तर तीन वर्षांची डॉक्टरेट. पण ती सगळ्यांसाठीची असते. लहान मुलं, म्हातारी माणसं, बौद्धिक अक्षमता, सगळीकडे फिरवतात. कर्णबधिरांच्या सेवेत नशिबानं सहा महिन्यांची एखादी प्लेसमेंट, म्हणजे प्रत्यक्ष कामाची शिकाऊ पाळी, मिळते. खरं शिक्षण वॉर्डात, काम करताना. असे खास वॉर्डही मोजके आहेत: लंडन, बर्मिंगहॅम, मँचेस्टर. मँचेस्टरच्या युनिटला जॉन डेन्मार्क या मानसोपचारतज्ज्ञांचं नाव आहे. 1960 च्या दशकात त्यांनी लँकेशरमधल्या एका जुन्या मनोरुग्णालयात कर्णबधिर रुग्णांसाठी वेगळं काम सुरू केलं. वेडी किंवा मतिमंद ठरवून वर्षानुवर्षं आत ठेवलेल्या काही माणसांना मुळात आजारच नव्हता. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारं कोणी नव्हतं, एवढंच.

मी 2012 मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे आले. कायम वास्तव्याची परवानगी मिळेपर्यंत पाच वर्षं डॉक्टरेटच्या सरकारी खर्चाच्या जागेसाठी अर्जच करता येत नव्हता. तोवर वॉर्डात सपोर्ट वर्कर, मग असिस्टंट सायकॉलॉजिस्ट. तीन वर्षं लागतील असं धरून येऊ नकोस. मला अकरा लागली.

त्यातलं एक वर्ष निव्वळ कागदांत गेलं, आणि ते मला अजून डाचतं. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, शेवटी आईचं. इथल्या फॉर्मात रकाने दोन. त्यात लग्नानंतर माझं आडनाव बदललेलं. तीन कागदांवर तीन नावं, आणि ती एकाच बाईची आहेत याचं प्रतिज्ञापत्र त्यांना पटेना. शिवाय एम.ए.च्या प्रत्येक विषयाचे तास आणि अभ्यासक्रम विद्यापीठाच्या लेटरहेडवर हवा होता. खिडकीतल्या माणसानं सांगितलं, असं पत्र आम्ही देत नाही. माझे सासरे, वय एकाहत्तर, हडपसरहून बसनं सात खेपा घालून आले. पत्र हातात पडलं तेव्हा अर्जाची मुदत संपून अकरा दिवस झाले होते. ते मला फोनवर म्हणाले, “पुढच्या वर्षी कामाला येईल गं, जपून ठेव.” पुढच्या वर्षी ते नव्हते. म्हणून सांगते, तू अजून तिथे आहेस तोवर स्वतः जाऊन अभ्यासक्रमाची सही-शिक्क्याची प्रत घे, तीन संच काढून घे. हे दुसऱ्या कोणावर टाकू नकोस.

आता भाषेबद्दल. इथली सांकेतिक भाषा बीएसएल, म्हणजे ब्रिटिश साइन लँग्वेज. तिची बाराखडी, म्हणजे इंग्रजी अक्षरं हातांनी दाखवायची पद्धत, दोन्ही हातांची आहे आणि आपल्याकडचीही तशीच: पाच बोटांच्या टोकांवर पाच स्वर, अंगठ्यावर ए, करंगळीवर यू. दादाच्या वसतिगृहातली मुलं रात्री दिवे गेल्यावर टॉर्चच्या उजेडात ती एकमेकांना शिकवायची, त्याच्याकडून मी शिकले होते. वाटलं, निम्मं काम झालं. तसं अजिबात नव्हतं. शब्द वेगळे, वाक्यांची घडण वेगळी, आणि लंडनला शिकलेले आकडे मँचेस्टरला चालत नाहीत. संध्याकाळच्या वर्गात एकेका पातळीला साधारण वर्ष. तिसरी पातळी झाली तरी रुग्णासमोर मी तीन वर्षांच्या पोरासारखी बोलायचे.

पहिल्या महिन्यात एक आजी त्यांच्या गेलेल्या बहिणीबद्दल सांगत होत्या. मी आपल्या सवयीनं मान हलवत होते, ‘हो हो, कळतंय’ म्हणताना आपण हलवतो तशी. त्या थांबल्या. बीएसएलमध्ये मान आडवी हलवणं म्हणजे नकार. त्यांना वाटलं मी म्हणतेय, असं झालंच नाही. मग मी वहीत लिहून घ्यायला मान खाली घातली, तर त्यांनी हातच खाली ठेवले. बरोबर होतं त्यांचं. तिथे मान खाली घातली की ऐकणं बंद. शेवटी त्या उठल्या आणि माझ्या पाठीमागच्या खिडकीचा पडदा ओढला, कारण उजेडामुळे माझा चेहरा काळा दिसत होता. अर्धं व्याकरण चेहऱ्यावर असतं: ‘काय, कुठे’ विचारताना भुवया खाली, ‘हो की नाही’ विचारताना वर. एम.ए.त दोन वर्षं मुलाखतीचं तंत्र शिकले होते, त्यात हे कुठेच नव्हतं.

नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची पीएचक्यू-9 प्रश्नावली तुला माहीतच असेल. इथे तिचं बीएसएलमधलं व्हिडिओ रूप आहे; ते कर्णबधिरांवरच तपासून पाहिल्याचा अभ्यास मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केला. तू शाळेत छापील मराठी प्रश्नावली देत असशील तर जरा थांब. पोरानं ‘हो’वर खूण केली म्हणजे त्याला प्रश्न कळला असं नाही. ज्याला लहानपणी कुठलीच भाषा पुरी मिळाली नाही, त्याचे हात तुटक चालतात, आणि ते पाहून डॉक्टर विचारांचा आजार लिहून मोकळे होतात. ‘आवाज ऐकू येतात का?’ हा भास होतात का ते तपासणारा साधा प्रश्नसुद्धा नीट विचारायला मला वर्ष लागलं. जोआना अ‍ॅटकिन्सन या स्वतः कर्णबधिर असलेल्या मानसशास्त्रज्ञ. 2006 मध्ये त्यांनी मांडलं की ‘आवाजा’चा अनुभव प्रत्येकाचा वेगळा असतो. ज्यांनी कधी काही ऐकलंच नाही, त्यांच्यापैकी कोणाला मनात हलणारे हात दिसतात, कोणाला ओठ.

हे शिकून 2016 च्या डिसेंबरात मी पुण्याला गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा दादाला नीट प्रश्न विचारला. त्याची भाषा आणि माझी भाषा, दोन्ही मोडून-तोडून. विचारलं, बाबा गेले तेव्हा तुला काय कळलं होतं? तो म्हणाला, तुम्ही ‘हॉस्पिटल’ दाखवलंत, मग ‘घर’ दाखवलंत. मला वाटलं बरे होऊन येणार. भोसरीहून सेकंड शिफ्ट करून आलो तर दारात तिरडी. मी आईला विचारलं, काय झालं? आई म्हणाली, नंतर सांगते.

हे ‘नंतर सांगते’ आमच्या घरात त्यानं चाळीस वर्षं ऐकलं. जेवताना सगळे हसायचे, तो विचारायचा, आम्ही म्हणायचो काही नाही, नंतर सांगते. मी पण म्हणायचे.

आईला मी दोष देत नाही. दादा तीन वर्षांचा असताना तिला शाळेत सांगितलं होतं, घरी खुणा करू नका, नाहीतर हा कधी बोलणार नाही. तिनं मन घट्ट करून त्याचे हात धरून ठेवले. शिकवणाऱ्यांवर तेव्हा 1880 च्या, कर्णबधिरांच्या शिक्षकांच्या मिलान परिषदेचाच पगडा होता: बोलणं श्रेष्ठ, खुणा बंद. शंभर वर्षांनंतरसुद्धा पुण्यातली एक बाई आपल्या पोराचे हात धरून बसली होती.

आणि मग माझी मुलगी. 2019 मध्ये चार वर्षांची, शाळेतलं पहिलं वर्ष. वर्गात गप्प असायची. तिच्या शिक्षिकेनं प्रेमानंच सांगितलं, घरी इंग्रजीच बोला, म्हणजे तिचा गोंधळ होणार नाही. मी तेव्हा वॉर्डात दुसऱ्या आईबापांना सांगत होते की मुलाची घरातली भाषा काढून घेऊ नका. सांगत होते, आणि घरी येऊन इंग्रजी बोलत होते, दोन वर्षं. आज तिला मराठी समजतं, पण ती उत्तर इंग्रजीत देते. आजीशी फोनवर तिचं बोलणं तीन वाक्यांत संपतं, मग आई मला म्हणते, ती काय म्हणाली गं? परवा मी घाईत होते. म्हणाले, नंतर सांगते.

एकटेपणाचं विचारलंस. वाटतं. पहिले दोन हिवाळे जड जातात, मग माणसं मिळतात. त्यासाठी थांबू नकोस.

यायचं की नाही ते तू ठरव. पण येण्याआधी तिथे एक वर्ष काढ. बांद्र्याच्या, कर्णबधिरांसाठी काम करणाऱ्या अली यावर जंग संस्थेत भारतीय सांकेतिक भाषेच्या अभ्यासक्रमांची चौकशी कर, दिल्लीच्या आयएसएलआरटीसीचा, म्हणजे भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा, व्हिडिओ कोश रोज उघड. तुझ्या शाळेतली मुलं मधल्या सुट्टीत काय बोलतात ते तुला कळतं का, हे मला लिहून कळव. ते कळत नसेल तर इथे येऊन परक्यांची भाषा शिकशील आणि तुझ्याच शाळेतली मुलं तशीच राहतील. मी तेच केलं.

पुण्याला आलीस तर दादाला भेट. रविवारी संध्याकाळी त्याचे मित्र जमतात, पंधरा-वीस जण, दिव्याच्या खांबाखाली, हात दिसावेत म्हणून. त्याला मी सांगून ठेवलंय, कोल्हापूरची एक मुलगी येईल. वही-पेन नेऊ नकोस.