तत्त्वाचा माणूस की निवडून येणारा?

प्रश्न: ताई, नमस्कार. नौपाड्यात आमचं हरिपाठ मंडळ आहे, बहुतेक सगळे साठीच्या पुढचे. महापालिकेला आमच्या प्रभागात एक रिटायर्ड मास्तर अपक्ष उभे राहतायत, माळकरी माणूस, शब्दाला पक्का, पण हाताशी पैसा नाही नि प्रचाराला पोरं नाहीत. समोरचा मोठ्या पक्षाचा. गोरक्षण, धर्मांतर यावर अगदी आपल्या मनातलं बोलतो, देवळाला सढळ हाताने देतो, पण त्याचे बार आहेत आणि दहीहंडीला त्याच्या स्टेजवर काय चालतं ते सगळ्यांना माहितीये. निम्मं मंडळ म्हणतं याला बोलवून शाल-श्रीफळ देऊन पाठिंबा जाहीर करू, मास्तरांना दिलेलं मत वायाच जाणार. पुतण्या अमेरिकेत असतो, तो म्हणतो तिकडच्या चर्चवाल्यांनी ट्रम्पच्या बाबतीत हेच केलं आणि त्यांचं काम झालं. काय करावं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: काका, पुतण्या म्हणतो त्यात तथ्य आहे, आधी तेच घेते. त्या चर्चवाल्यांसाठी गर्भपात हा सगळ्यात मोठा मुद्दा, गर्भपाताचा हक्क देणारा 1973 चा कोर्टाचा निकाल त्यांना उलटवायचा होता, ट्रम्पने सुप्रीम कोर्टात 3 न्यायमूर्ती नेमले आणि जून 2022 मधे तो निकाल खरंच रद्द झाला. म्हणजे सौदा वसूल झाला, हे मान्य करायलाच हवं.

पण त्यापायी त्यांनी काय घालवलं तेही बघा. 1998 मधे तेव्हाचे अध्यक्ष क्लिंटन यांचं बाईचं प्रकरण गाजत होतं तेव्हा सदर्न बॅप्टिस्ट या तिकडच्या मोठ्या चर्च-पंथाने अधिवेशनात ठराव केला होता की सार्वजनिक पदावरच्या माणसाचं चारित्र्य महत्त्वाचं. पुढे एका सर्व्हेत विचारलं, खाजगी आयुष्यात अनैतिक वागणारा नेता सार्वजनिक काम नीतीने करू शकतो का, तर 2011 मधे गोऱ्या इव्हँजेलिकल, म्हणजे याच कट्टर चर्चवाल्या लोकांपैकी 30 टक्के हो म्हणाले आणि 2016 मधे तेच 72 टक्के! पाच वर्षांत. नाइलाजाने मत दिलं असतं तर मी समजू शकले असते, पण इथे माणूस सोयीचा निघाला म्हणून नीतीचा नियमच बदलून टाकला, आणि आता तीच मंडळी चारित्र्यावर बोलायला लागली की त्यांची स्वतःची मुलंसुद्धा त्यांना 1998 ची आठवण करून देऊ शकतात. मला तुमच्या मंडळाची काळजी वाटते ती हीच.

दुसरं, ‘निवडून येणारा’ हा अंदाज असतो हो, तो कितीदा चुकतो! नोव्हेंबर 2007 मधे पॅट रॉबर्टसन या तिकडच्या बड्या धर्मोपदेशकाने राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागणाऱ्या रूडी जुलियानीला पाठिंबा दिला, जो गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचा होता, पण देशभरच्या पोलमधे पुढे होता ना. जेम्स डॉबसन या दुसऱ्या ख्रिस्ती पुढाऱ्याने मात्र आधीच सांगून टाकलं होतं की मी याला मत देणार नाही. जानेवारी संपता संपता जुलियानी शर्यतीतून बाहेर. तत्त्वही गेलं नि माणूसही पडला.

तडजोड करूच नका असं मी म्हणत नाही. 1998 मधे वाजपेयींच्या आघाडीने राममंदिर, 370 आणि समान नागरी कायदा हे तिन्ही मुद्दे बाजूला ठेवले तेव्हा कितीतरी कट्टर लोक चिडले होते, पण 370 चा निर्णय 2019 मधे झाला, मंदिरात प्राणप्रतिष्ठा जानेवारी 2024 मधे. मागणी थोडी मागे ठेवणं वेगळं आणि जो माणूस आपण नातवाला दाखवून ‘असं वागू नको’ म्हणू त्याच्याच गळ्यात हार घालणं वेगळं.

म्हणून माझं स्पष्ट मत, काका. मत आणि पाठिंबा वेगवेगळे ठेवा. मत गुप्त असतं, तिथे तुमच्यापैकी कुणाला वाटलं की हा नाही आला तर याहून वाईट कुणीतरी येईल आणि त्याने मन घट्ट करून बटण दाबलं, तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण शाल-श्रीफळाचा कार्यक्रम म्हणजे वीणेशेजारी त्याला खुर्ची देणं, फोटो काढणं, तो फोटो त्याच्या बॅनरवर जाणं. उद्या त्याच्या बारमुळे कुणाचा संसार मोडला आणि ती बाई तुमच्या हरिपाठाला येऊन बसली तर तिच्या नजरेला नजर कशी देणार?

आणि मास्तरांचं मत वाया हे एवढ्यात कशाला ठरवता? 1980 मधे इंदिरा लाटेत देशभर जनता पक्ष झोपला होता तेव्हा त्याच पक्षाचे रामभाऊ म्हाळगी याच ठाण्यातून लोकसभेवर गेले. त्यांच्यामागे कार्यकर्ते होते, मास्तरांमागे नाहीत हे खरं, पण मग तुम्ही सगळे रिकामेच आहात ना संध्याकाळी, दोघादोघांनी सोसायट्या वाटून घ्या, परिचयपत्रक घेऊन दारोदार जा. शिवाय आपल्याकडे पॅनल पद्धत आहे, चार जागांचा प्रभाग असेल तर चार मतं, आणि चारही एकाच पक्षाला द्यायची सक्ती नाही, हे कितीतरी ज्येष्ठांना माहीतच नसतं. मास्तर ज्या जागेवर उभे आहेत ती अ, ब, क की ड हे नीट समजावून सांगा, बाकीच्या जागांवर ज्याला जे पटेल ते.

फक्त हे सगळं स्वतःच्या नावाने करा. देवळाच्या आवारात राजकीय प्रचार करायला 1988 च्या कायद्याने बंदी आहे, तेव्हा हरिपाठानंतर तिथेच पत्रकं वाटत बसू नका, आणि मंडळाच्या लेटरहेडवर पाठिंब्याचं पत्र कुणालाच नको, मास्तरांनाही नको.