वडिलांना फुप्फुसाचा कर्करोग आहे. बायोमार्कर चाचणीच्या अहवालासाठी थांबावे की गोळी लगेच सुरू करावी?

थांबावे. कर्करोगाच्या पेशींत कोणत्या जनुकातील बदल रोग वाढवतो आहे, ते ही चाचणी दाखवते. वडिलांनी कधी विडी-सिगारेट ओढलेली नाही, म्हणजे ईजीएफआर या जनुकातील बदलावरची गोळी त्यांना लागू पडणारच, मग तीन आठवडे आणि चाचणीचे पैसे वाया का घालवायचे, असे तुमचे नातेवाईक म्हणतात. सासूबाईंच्या आजारपणात माझे थोरले दीर जवळजवळ याच शब्दांत हेच बोलले होते, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

सासूबाईंचा खोकला आधी क्षय समजला गेला आणि काही महिने क्षयाचीच औषधे चालली. बायोप्सीत ॲडेनोकार्सिनोमा हा फुप्फुसाच्या कर्करोगाचा प्रकार निघाला तेव्हा रोग फुप्फुसाबाहेर पसरला होता. तंबाखूला त्यांनी जन्मात हात लावलेला नव्हता. दिरांच्या परिचयातील एका बाईंना गेफिटिनिब या ईजीएफआरवरच्या गोळीचा उत्तम गुण आला होता, त्यामुळे तीच गोळी त्याच संध्याकाळी सुरू करावी असा त्यांचा आग्रह होता, आणि धाकट्या सुनेने त्याला विरोध करावा हे त्यांना मुळीच रुचले नाही. क्षयाच्या गोळ्यांवर महिने घालवलेल्या घराला अहवालाचे तीन आठवडे जड व्हावेत, याचे मला आजही वाईट वाटते.

माझ्या विरोधाला आधार होता तो डॉक्टरांनी समजावून सांगितलेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयपास या अभ्यासाचा. त्यातील १,२१७ रुग्ण आशियातील, ॲडेनोकार्सिनोमा झालेले आणि धूम्रपान न केलेले किंवा फार पूर्वी थोडेसे केलेले होते. ज्या ४३७ जणांची ईजीएफआर तपासणी होऊ शकली, त्यांपैकी २६१ जणांत या जनुकातील बदल सापडला आणि १७६ जणांत सापडला नाही. बदल असलेल्यांना गेफिटिनिब केमोथेरपीपेक्षा सरस ठरले. बदल नसलेल्यांचा रोग मात्र गोळीवर साधारण दीड महिन्यातच वाढला, तर केमोथेरपीवर तो साडेपाच महिने आवरला गेला. म्हणजे रुग्णाकडे पाहून अंदाजाने गोळी देणे हे निरुपद्रवी धाडस नाही.

सासूबाईंचा अहवाल ईजीएफआर निगेटिव्ह आणि एएलके या दुसऱ्या जनुकासाठी पॉझिटिव्ह आला. अलेक्टिनिब ही एएलकेवरची गोळी सुरू झाली, काही आठवड्यांत धाप कमी झाली आणि त्या पुन्हा स्वतः जिना चढू लागल्या. दीर म्हणाले, ‘शेवटी गोळीच दिली ना, मग चाचणीने काय साधले?’ साधले ते हेच, की त्यांनी सुचवलेली गोळी ईजीएफआरला रोखते आणि सासूबाईंचा रोग एएलकेच्या जोरावर वाढत होता. गेफिटिनिबने त्याला अटकाव झाला नसता आणि ते दिवस परत आले नसते.

चाचणी कोठे स्वस्त पडेल, असेही तुम्ही विचारले आहे. तुमचे डॉक्टर ज्या प्रयोगशाळेच्या अहवालावर निर्णय घेतात, तीच निवडावी, एवढेच मी सांगेन. बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जतन केलेला नमुना) जपून ठेवा, कारण नमुना लहान असतो आणि एकेक तपासणी स्वतंत्रपणे करताना तो संपून जातो. म्हणून ईजीएफआर, एएलके, आरओएस१ आणि इतर बदल एकत्र पाहणारी एनजीएस चाचणी शक्य आहे का, ते विचारा. नमुना अपुरा असेल तर रक्तावरूनही तपासणी होते, पण ती निगेटिव्ह आली म्हणून बदल नाहीच असे समजू नये.

वडिलांना फार धाप लागत असेल तर डॉक्टर अहवालाआधी केमोथेरपी सुरू करतील आणि तेव्हा अडवू नये, कारण गोळी नंतरही देता येते. इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगावर सोडणाऱ्या उपचाराची, घाई मात्र करू नये. तिच्या पाठोपाठ ऑसिमर्टिनिब (ईजीएफआरवरचीच दुसरी गोळी) द्यावे लागले तर फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. सगळ्या तपासण्या होऊनही गोळी लागू पडेल असा बदल न सापडणे हेही अनेकांच्या वाट्याला येते. शिवाय गोळीचा परिणाम कायम टिकत नाही. सासूबाईंचा रोग पुन्हा वाढला तर पुन्हा बायोप्सी करावी लागेल, आणि तेव्हाही मी अहवालासाठी थांबण्याच्याच बाजूने उभी राहीन, दीर काहीही म्हणोत.