विश्वामित्रीकाठची उत्तरं

(वडोदऱ्याच्या एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका या सदरात वाचकांच्या नदीविषयीच्या पत्रांना उत्तरं देतात.)

माझी लेक लग्न होऊन वडोदऱ्याला समा भागात गेली. २०२४च्या ऑगस्टमधल्या पुरात तिच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मगर शिरली. नातू चार वर्षांचा आहे. या मगरी पकडून लांब कुठेतरी का सोडत नाहीत? – एक आजी, नाशिक

ताई, तुमची काळजी पटते. त्या पुरात विश्वामित्री ३५ फुटांच्या वर चढली होती. वनखात्याची माणसं आणि आमच्याकडची स्वयंसेवक पोरं दिवसरात्र मगरी उचलत होती. कधी बघायला मिळालं तर जरूर बघा. ओलं गोणपाट डोळ्यांवर पडलं की मगर बरीचशी शांत होते. मग तोंडाला दोरी, वर चिकटपट्टीचे वेढे. जबडा मिटायची ताकद अफाट, उघडायची अगदी बेताची, म्हणून तेवढ्यावर भागतं. हे घरी करून बघू नये, हे वेगळं सांगायला नकोच.

आता लांब सोडायचं म्हणता, तर कुठे? २०२५च्या फेब्रुवारीत मोजणी झाली, तेव्हा नदीत ४४२ मगरी निघाल्या. वडोदऱ्याजवळच्या आजव्याच्या तलावात त्यांची भावंडं आधीच नांदतायत. नवख्या मगरीला तिथल्या जुन्या मगरी टिकू देत नाहीत, मग ती पुन्हा आपल्या पाण्याच्या शोधात निघते, आणि वाटेत गावं, शेतं, रस्ते. शिवाय वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिला वाघाच्याच पंगतीला बसवलंय, पहिल्या अनुसूचीत. उठसूट हलवता येत नाही.

आणि मला विचाराल तर मगर पार्किंगमध्ये आली ती पाण्याच्या मागोमाग. पाणी का आलं, हा प्रश्न लेकीच्या सोसायटीनं बिल्डरला विचारायला हवा होता. विश्वामित्री पावागडावरून उतरते, वाटेत आजव्याचं जादा पाणी घेते आणि शहरात शिरते. तिच्या दोन्ही अंगांना कोतरं आहेत, म्हणजे मातीच्या खोल घळी. पावसाळ्यात नदी त्यांत पसरायची आणि मग सावकाश ओसरायची. गेल्या काही दशकांत पाडलेल्या घरांचा मलबा या कोतरांत ओतला, वर सपाट केलं आणि प्लॉट पाडले. भुखी कांससारखे ओढेही आवळत आणले. उन्हाळ्यात तिथे उभं राहिलं तर नदी दिसत नाही, म्हणून ती जागा नदीची नव्हे, असं सगळ्यांनी धरून चाललंय. माझ्या लेखी जुलै-ऑगस्टमध्ये जिथवर पाणी जातं, तिथवर नदीच.

नातवासाठी दोनच गोष्टी. पुराच्या दिवसांत त्याला खाली एकटं सोडू नका, आणि सोसायटीतलं कुणी मटण-कोंबडीचा कचरा नाल्यात टाकत असेल तर त्याला धरा. त्या वासावर मगर येणारच.

आमच्या मुळा-मुठेच्या काठावर सिमेंट ओतणं चालू आहे. वडोदऱ्यात लोकांनी रिव्हरफ्रंट अडवला, असं ऐकलं. मोर्चे काढले का? – एक वाचक, पुणे

मोर्च्यांपेक्षा कागदांचा वाटा मोठा. अहमदाबादच्या साबरमतीसारखं इथेही व्हावं, अशी पालिकेची हौस होती. पर्यावरण कार्यकर्ते रोहित प्रजापती आणि इतर काही नागरिक राष्ट्रीय हरित लवादात गेले. मुद्दा साधा होता: पर्यावरणीय मंजुरी घेतलेली नसताना काम कसं? मे २०१६मध्ये स्थगिती मिळाली. अंतिम आदेश यायला मे २०२१ उजाडला. मधली पाच वर्षं टीव्हीवर दाखवण्याजोगं काहीच नव्हतं: काठ पायी तुडवायचा, भराव पडला की तारखेसकट फोटो काढायचा, नकाशे ताडून बघायचे, खात्यांना पत्रं लिहायची. उत्तर आलं नाही की स्मरणपत्र. आमच्या शहरात प्राध्यापक, वास्तुविशारद, पक्षी-साप बघणारी पोरं यांचं बऱ्यापैकी जमतं, त्याचा उपयोग झाला.

पण आम्ही जिंकलो, असं म्हणू नका. २०२४च्या पुरानंतर लोक इतके पोळले की नदी खोल करा, रुंद करा हीच मागणी झाली. २०२५च्या उन्हाळ्यात शहरातल्या सुमारे पंचवीस किलोमीटरवर यंत्रं उतरली. गाळ काही ठिकाणी काढायलाच हवा होता, मी त्याच्या विरुद्ध नाही. काठाची झाडी खरवडून एकसारखे उतार करायचे, याच्या मात्र विरुद्ध आहे. मुळं गेली की माती सुटते, आणि पावसात तीच पात्रात येऊन बसते. मग पुन्हा गाळ काढायचं टेंडर.

दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाची तीसेक मुलं मे महिन्याच्या सुट्टीत नदीकाठ साफ करणार आहेत. काही सूचना? – एक कार्यकर्ता, वडोदरा

भाऊ, मे नको! फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास मादी काठावर, पाण्यापासून थोडं वर खड्डा करून अंडी घालते, पंचवीस-तीस. दोनेक महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर अंडी फुटून पिल्लं निघतात. अंड्यात असतानाच ती चिवचिवतात. आई ऐकते, माती उकरते आणि एकेकाला जबड्यात धरून पाण्यात नेते. तोवर ती खड्ड्याच्या आसपासच असते, आणि तुमची तीस मुलं तिथे फावडी घेऊन. २०२५मध्ये याच दिवसांत गाळ काढायची यंत्रंही काठावर होती, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

काठाची राखण बारा महिने लागते, आणि ती रस्त्यावरून करता येते. पुलावर दोघादोघांनी पाळी लावा. रात्री मलब्याचा ट्रक आला तर जागा, वेळ, गाडीचा नंबर आणि फोटो, दुसऱ्या दिवशी पालिकेत लेखी तक्रार, पोचपावतीसह. पावती फार महत्त्वाची. डिसेंबर-जानेवारीत मुलांना सकाळी दहा-साडेदहाला कमाटीबागेच्या पुलावर आणा. ऊन खायला आलेली मगर आ वासून पडलेली दिसेल. ती अंगावर धावून येणार म्हणून नव्हे, डोकं तापू नये म्हणून तसं करते. शेजारी बगळा निवांत उभा असतो. एकदा बघितलं की मुलं आपणहून पाळ्या मागतात, हा माझा अनुभव. नंतर सेव-उसळ खायला घाला.

निर्माल्य वाहत्या पाण्यात सोडलं तर चालतं ना? – एक गृहिणी, वडोदरा

नाही. कुंडीत खत करा. प्लॅस्टिकची पिशवी तर मुळीच नको, पिशवीसकट फेकणारे मी पुलावरून रोज बघते.