गोगलगायीतलं डोपामाइन : वाचकांचे तीन प्रश्न

डोपामाइन म्हणजे आनंदाचं रसायन ना? मग गोगलगायीत त्याचं काम काय? (मुलुंड)

लिम्निया स्टॅग्नॅलिस या तळ्यातल्या गोगलगायीत ते श्वासाची लय सुरू करतं. पाण्यात ऑक्सिजन कमी झाला की ती वर येते आणि श्वासरंध्र उघडते. ही लय तीन चेतापेशी मिळून सांभाळतात. त्यातली आरपीईडी-१ डोपामाइन सोडते. त्याने रंध्र मिटवणारी व्हीडी-४ दबते. रंध्र उघडणारी आयपी-३-आय मात्र आधी दबते आणि लगेच उसळून पेटते. रसायन तेच, पण कोणती पेशी दबणार आणि कोणती पेटणार हे तिच्यावरचे रिसेप्टर (रसायन पकडणारे रेणू) ठरवतात. १९९० मध्ये कॅनडातल्या कॅल्गरीत या तीनच पेशी बाहेर काढून बशीत वाढवल्या, तर तिथेही डोपामाइन देताच लय सुरू झाली! आनंदाची भाषा इथे लावूच नये.

एम.एस्सी. प्रोजेक्टसाठी लिम्नियाच्या गँग्लियावर (चेतापेशींच्या गुच्छांवर) डोपामाइन घातलं. परिणाम शून्य, द्रावण गुलाबी. सलाईन ०.९ टक्के होतं. (कालिना)

पहिली चूक सलाईनची. ते या गोगलगायीला तिप्पट खारट पडतं. एक लिटरला मीठ (सोडियम क्लोराइड) ३ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.१३, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ०.६, मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट ०.३ आणि पीएच स्थिर ठेवणारं हेपेस १.२ ग्रॅम घ्या, पीएच ७.९ करा.

गुलाबी रंग म्हणजे डोपामाइनचं ऑक्सिडेशन झालंय. अल्कधर्मी सलाईनमध्ये ते झपाट्याने होतं. म्हणून १९ मिलिग्रॅम डोपामाइन हायड्रोक्लोराइड १० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा, बाटलीला फॉइल गुंडाळून बर्फात ठेवा, आणि ऐनवेळी त्यातले १०० मायक्रोलिटर १० मिली सलाईनमध्ये टाका. झाले १०० मायक्रोमोलर. रंग दिसला की फेकून द्या. ऑक्सिडेशन रोखायला ॲस्कॉर्बिक ॲसिड घालणार असाल तर पीएच पुन्हा तपासा, आणि तुलनेसाठी नुसत्या ॲस्कॉर्बिकचा कंट्रोल हवाच.

गँग्लियावरचं आवरणही बारीक चिमट्याने सोडवावं लागतं, नाहीतर औषध आत नीट पोचत नाही. आरपीईडी-१ उजव्या पेडल गँग्लियॉनमध्ये शोधा. डावखुऱ्या (डावीकडे वळणाऱ्या) शंखाच्या प्लॅनॉर्बेरियस या गोगलगायीत मात्र डोपामाइनची मोठी पेशी डावीकडे असते.

पावसाळ्यात सोसायटीच्या बागेत मोठ्या आफ्रिकन गोगलगायी निघतात. त्या प्रयोगाला चालतील? (बोरिवली)

वरचं सलाईन त्यांना चालणार नाही. जमिनीवरच्या गोगलगायीचं वेगळं लागतं. आणि उघड्या हाताने धरू नका. त्यांच्यात उंदरांच्या फुप्फुसातल्या कृमीच्या अळ्या असू शकतात, आणि या अळ्या माणसाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकतात. हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा, मुलांना लांब ठेवा.