कुंडीतल्या ऑर्किडची पाने सुरकुतली आहेत, पाणी वाढवावे का?

केवळ पाने पाहून पाणी वाढवू नये. आपल्याकडे रोपवाटिकेत सर्रास मिळणारे फॅलेनॉप्सिस प्रकारचे ऑर्किड असेल, तर पाणी कमी पडल्यावर त्याची पाने जशी मऊ पडून सुरकुततात, तशीच ती जास्त पाण्याने मुळे कुजल्यावरही सुरकुततात. म्हणून निर्णय मुळे पाहूनच करावा. या मुळांवर पाणी शोषून घेणारे एक जाड आवरण असते, जे कोरडे असताना रुपेरी-राखाडी दिसते आणि भिजल्यावर त्यातून आतला हिरवा रंग दिसू लागतो. पारदर्शक कुंडी घ्यावी असा माझा आग्रह याचसाठी आहे.

मुळे रुपेरी झाली आणि कुंडी उचलल्यावर हलकी लागली, की सकाळी भरपूर पाणी देऊन ते पूर्ण निथळू द्यावे व पानांच्या बेचक्यात साचलेले पाणी टिपून घ्यावे. वार ठरवून पाणी देणे टाळावे, कारण कोकणातल्या पावसाळ्यात आणि नागपूरच्या उन्हाळ्यात कुंडी सुकण्याचा वेग अगदी वेगळा असतो.

तपकिरी मूळ दिसले तर लगेच कापू नये, आधी दाबून पाहावे. टणक असेल तर ते जिवंत आहे. पिचपिचीत होऊन साल सुटत असेल आणि आत नुसता दोरा उरला असेल, तर निर्जंतुक कात्रीने कापून रोप झाडाच्या सालीच्या व कोळशाच्या नव्या मिश्रणात लावावे. साध्या मातीत मात्र लावू नये, तिथे मुळांना हवा मिळत नाही. तळाचे एखादेच जुने पान पिवळे पडणे नैसर्गिक आहे.